रकान्यांतल्या विहिरी

माझ्या स्वप्नात अजूनही अधूनमधून विहिरी येतात. मी खूप उंचावरून बघत असते, खाली हिरवट काळोख असतो. विहिरी ओळीने मांडलेल्या असतात, एकीखाली एक, एकीशेजारी एक, आणि सगळ्या मिळून हळूहळू वर सरकत जातात. प्रत्येकीच्या तळाशी थोडंसं पाणी चमकतं. कोणीतरी सावकाश गावांची नावं वाचत असतं. जाग आल्यावर थोडा वेळ मी तशीच पडून राहते. तो आवाज तायडेबाईंचा असतो, आणि तो हिरवा काळोख म्हणजे आमच्या ऑफिसातल्या पहिल्या कॉम्प्युटरचा पडदा.

मी मूळची जळगावची, लग्नानंतर धुळ्याला आले. तिथे एका ऑफिसात टायपिस्ट होते. ऑफिसचं नाव लिहीत नाही; त्याने कोणाचंही भलं होणार नाही. खेड्यापाड्यांतल्या विहिरींचं पाणी तपासणं हे आमचं काम. रोज सकाळी खोक्यांतून बाटल्या यायच्या, गळ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेल्या. त्या पूर्वेच्या खिडकीत रांगेने ठेवत. मग ऊन त्यांच्यातून आरपार जायचं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे डाग हलत राहायचे. तपासणारे लोक आत असायचे. त्यांचे आकडे बाहेर यायचे ते तायडेबाईंच्या टेबलावर. ते मोठ्या तक्त्यात उतरवायचे, सरासरी काढायची, अहवाल करायचा, हे बाईंचं काम. आणि तो अहवाल टाइप करायचा, हे माझं.

बाई तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. ठेंगण्या, सावळ्या, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. आकड्यांच्या बाबतीत इतक्या काटेकोर, पण स्वतःच्या वस्तूंच्या बाबतीत आनंदीआनंद. छत्र्या हरवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. डबा घरी विसरायच्या आणि डब्याचं झाकण पिशवीतून घेऊन यायच्या. जेवणानंतर खुर्ची खिडकीकडे वळवून दहा मिनिटं त्या नुसत्या बाटल्यांकडे बघत बसायच्या. त्या वेळी त्यांना हाक मारली तर ऐकू जायचं नाही. नवीन असताना मी एकदा विचारलं, "बाई, बघून काही कळतं का हो?"

"काहीच कळत नाही," त्या म्हणाल्या. "सगळी सारखीच दिसतात बघ. म्हणून तर लिहावं लागतं."

मला वाटलं होतं, काहीतरी गूढ सांगतील. तेव्हा जरा हिरमोडच झाला.

टाइप केलेला तक्ता तपासायची त्यांची एक रीत होती. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं, आणि वाचायचं ते खालून वर. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून वरून सुरुवात केली तर त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि उलट्या टोकाला बोट ठेवलं. "वरून वाचलं की डोळा पुढचं आधीच धरून चालतो. खालून वाच, म्हणजे त्याला प्रत्येक ओळीपाशी थांबावं लागतं." मग आम्ही दुपारभर वाचत बसायचो. शेवटच्या गावापासून पहिल्या गावापर्यंत. पंखा घरघरायचा, उजेडाचे डाग भिंतीवरून जमिनीवर उतरायचे आणि नावांमागून नावं यायची, खेडी, पाडे, वस्त्या. मला कित्येकदा वाटायचं की आम्ही दोघी एका बैलगाडीत बसून अख्खा जिल्हा उलटा फिरतो आहोत. एकदा मी वाचता वाचता पेंगले. बाई रागावल्या नाहीत. पाणी प्यायला लावलं आणि म्हणाल्या, "आता मागच्या चार ओळी परत. झोपेतल्या आहेत त्या."

दुसरी त्यांची गोष्ट म्हणजे कोरी जागा. तक्त्यात एकही चौकोन कोरा ठेवायचा नाही, आणि माहीत नसेल तिथे शून्य तर मुळीच घालायचं नाही. आमचे चौधरीसाहेब एकदा घाईत होते. म्हणाले, "तायडेबाई, रिकामं दिसतंय तिथे शून्य टाका आणि द्या." बाई म्हणाल्या, "साहेब, शून्य म्हणजे तपासलं आणि सापडलं नाही. इथे तर तपासलंच नाही. शून्य बघून लोक बिनघोर पाणी पितील." आणि प्रत्येक रिकाम्या चौकोनात, जागा पुरत नव्हती तरी, बारीक अक्षरात 'तपासलेले नाही' असं लिहीत बसल्या. साहेबांची बैठक अर्धा तास लांबली. साहेब माणूस चांगला. नंतर तेच दुसऱ्या ऑफिसांत जाऊन हे सांगायला लागले, जणू त्यांनाच सुचलं होतं.

घरीही त्या तशाच. मुलाच्या लग्नाच्या याद्या करताना त्यांनी 'सहकुटुंब' हा शब्दच बाद केला. "सहकुटुंब म्हणजे किती? पानं किती मांडायची?" सगळ्या पाहुण्यांची, कडेवरच्या पोरांसकट, नावं लिहिली. नवऱ्यामुलाने डोक्याला हात लावला. यादी खालून वर वाचताना एक मावशी दोनदा सापडली आणि सख्खे काका अजिबातच नव्हते. ते काका कायम चिडक्या स्वभावाचे, पण लग्नात मात्र सगळ्यांत खूश तेच होते, कारण त्यांना बाईंनी स्वतः जाऊन हा किस्सा सांगितला होता. मुलगा वरणगावच्या फॅक्टरीत होता. रिटायर झाल्यावर त्याच्याकडे जायचं, हे बाईंचं ठरलेलं.

मग नव्वदच्या पुढे कधीतरी ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली, खिडकीला पडदा, दाराबाहेर चपला. नारळ फोडला, पेढे वाटले. मला पंधरा दिवसांच्या कोर्सला पाठवलं आणि मी परत आले ती ऑफिसातली सगळ्यांत हुशार बाई होऊन. पडद्यावर आयते चौकोन, उभे रकाने, आडव्या ओळी. बेरीज आपोआप. मला तर पंख फुटल्यासारखं झालं होतं. मराठी अक्षरं मात्र त्यात नव्हती, गावांची नावं इंग्रजीत टाकावी लागत.

बाई स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "आधी त्याला आपल्याला उत्तर माहीत असलेलं गणित घाल." जुन्या तक्त्यातली दहा गावं घातली. सरासरी बरोबर आली. मी विजयी मुद्रेने बघितलं. "आता खाली आणखी एक गाव घाल," त्या म्हणाल्या. घातलं. सरासरी ढिम्म हलली नाही. मी पहिल्या दहा ओळींचंच सूत्र लिहिलं होतं. अकरावी ओळ त्याला ठाऊकच नव्हती. बाई पडद्याला नाक लावून बघत होत्या. "शेवटचं गाव दाराबाहेर उभं आहे," त्या म्हणाल्या. "त्याला आत घे."

त्या दिवसापासून प्रत्येक सूत्र कुठून कुठपर्यंत धावतं हे त्या मला मोठ्याने म्हणायला लावायच्या. आणि आणखी एक सांगितलं होतं: पहिला रकाना आपल्या स्वतःच्या अनुक्रमांकाचा ठेव. मी म्हटलं, डावीकडे मशीन आकडे देतंच की. "ते आकडे जागेचे आहेत," बाई म्हणाल्या. "बाकावरचा नंबर बाकाचा असतो, त्यावर बसलेल्याचा नसतो. पोरं उठून दुसरीकडे बसली तर?" मी हो म्हटलं आणि केलं नाही. छापायचा कागद अरुंद होता, एक रकाना वाचत होता. इतकंच कारण. आज लिहितानाही लाज वाटते.

त्या वर्षी बाईंचा नोकरीचा शेवटचा उन्हाळा होता. एप्रिलमध्ये त्या नातीच्या बारशाला वरणगावला गेल्या, आठ दिवसांची रजा. मागे मी एकटी. दीड-दोनशे विहिरींचे निकाल आवक रजिस्टरवरून कॉम्प्युटरमध्ये टाकायचे होते. हे रजिस्टर आमचे आवक कारकून पाटीलभाऊ लिहायचे; निकाल नंतर त्याच ओळीत चढायचे. बाटल्या उतरून घेताना घाई असायची, त्यामुळे एका गावाच्या दोन विहिरी असल्या की पहिलीपुढे गावाचं नाव, आणि दुसरीपुढे नावाच्या जागी दोन उभ्या रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे. सगळी सरकारी रजिस्टरं अशीच असतात. पहिली विहीर नेहमी गावविहीर. दुसरी, रेघांची, गावाबाहेरच्या वस्तीची. मी टायपिस्ट, समोर असेल तसं उतरवायचं हाच माझा धर्म. रेघा होत्या तिथे मी इंग्रजी रजिस्टरात 'डिट्टो'साठी लिहितात तशी डी आणि ओ ही दोन अक्षरं, 'डीओ', टाकत गेले.

साहेबांना बैठकीसाठी यादी अक्षरवार हवी होती. मी दोन बटणं दाबली. पडदा एकदा थरथरला आणि सगळी गावं उठून आपापल्या नव्या जागी जाऊन बसली. फार सुंदर दिसलं ते. मग खाली आले तर दोंडाईच्याच्या जरा वर सगळे 'डीओ' एकत्र गोळा झालेले. ओळीमागून ओळ, निकाल समोर आहेत आणि गाव नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या वस्त्या एका ठिकाणी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि कोण कुठली ते मला सांगता येत नव्हतं. आधीच्या क्रमाची प्रत मी ठेवली नव्हती. अनुक्रमांक नव्हता.

मी घाबरले. कोणाला न सांगता रजिस्टर घेऊन बसले आणि प्रत्येक रेघेच्या वर बघून गावाचं नाव भरत गेले. एका दुपारी उरकलं. परत वाचायला जोडीला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोणाला जोडीला घ्यायची इच्छाही नव्हती. यादी गेली. ज्या विहिरींचं पाणी अयोग्य निघालं त्या गावांना पत्रं गेली.

बाई पेढे घेऊन परत आल्या आणि पहिल्याच दुपारी म्हणाल्या, "चल, वाचू." मी सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा पुसला. खालून वर वाचत आम्ही रजिस्टरच्या एका पानाच्या मधोमध आलो आणि त्यांचं बोट थांबलं.

त्या पानावर तीन ओळी अशा होत्या. पहिली: सायखेडी, गावविहीर, योग्य. दुसरी: बोरमळी, गावविहीर, आणि ही ओळ खोडलेली, कारण बाटली एसटीत फुटली होती. तिसरी: दोन रेघा, वस्तीची विहीर, अयोग्य. (गावांची खरी नावं मी बदलली आहेत. बाईंना हे मुळीच आवडलं नसतं.) मी खोडलेली ओळ सोडून वर बघितलं होतं आणि सायखेडी भरलं होतं.

"या रेघा कोणाच्या?" बाई म्हणाल्या. "खोडण्याआधी मारलेल्या की नंतर?"

पाटीलभाऊ तोवर रावेरला बदलून गेले होते. ट्रंक कॉल लावला. तिकडून आवाज आला, "अहो बाई, वरीलप्रमाणे म्हणजे वरीलप्रमाणे!" त्यांना काही आठवत नव्हतं, आणि का आठवावं? बाटल्या धुऊन झाल्या होत्या, चिठ्ठ्या फेकल्या गेल्या होत्या. साहेब म्हणाले, "दोन्ही वस्त्यांच्या विहिरी बंद करायला सांगू. त्यात धोका नाही."

बाईंचा आवाज मी चढलेला कधी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "साहेब, विहीर बंद केली की त्या बायका पाणी कुठून आणतात, ते आपल्या तक्त्यात नाही. म्हणून धोका दिसत नाही." मग म्हणाल्या, "मी उद्या जाते." मी म्हटलं, मीही येते.

दोंडाईच्यापर्यंत एसटी, तिथून दुसरी. बर्फाची पेटी मांडीवर घेऊन मी बसले होते आणि खिडकीतून वाफ आत यावी तसं ऊन येत होतं. मध्येच बाई, बाहेर बघत, स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आमच्या वस्तीला विहीर मी आठ वर्षांची असताना झाली." त्याच्या आधी काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

सायखेडीच्या वस्तीतली विहीर बाभळीच्या काट्यांनी झाकलेली होती. आमच्याच पत्रावरून. बायका रिकामे हंडे घेऊन लिंबाच्या सावलीला बसल्या होत्या. त्यांना पाणी गावविहिरीवरून आणावं लागत होतं.

"पाच दिन व्हई ग्यात, अक्का," एक म्हातारी म्हणाली. "गावन्या बाया बठ्ठ्या भरी लेतीस, मंग आमले भेटस."

"माले माहीत शे, माय," बाई अहिराणीतच म्हणाल्या.

काटे बाजूला करून त्यांनी स्वतः बाटली भरली. चिठ्ठीवर गाव, विहीर, तारीख, वेळ, सगळं पूर्ण लिहिलं, मला वाचायला लावलं, मग बांधली.

तिथून बोरमळी तीन-चार कोस. वस्तीतल्या विहिरीवर रहाट चालू होता, बायका पाणी ओढत होत्या, पोरं ओंजळीने पीत होती. पारूबाई नावाची एक म्हातारी पुढे आली. तिची नात जुलाबांनी धुळ्याच्या दवाखान्यात होती, सलाईनवर.

"हाई पानीमुळे का, अक्का?" तिने विचारलं.

मला वाटलं, बाई हो म्हणतील. आम्हा दोघींनाही तेच वाटत होतं. "आज माले माहीत नही," बाई म्हणाल्या. "गुरुवारले सांगसू. तवलोंग उकाळीसनी प्या. पोरेसले तर उकाळेलच द्या." घरोघर जाऊन त्यांनी हे सांगितलं. ग्रामसेवकाला गाठून औषधाची पावडर टाकायला लावली, ती मात्र बाटली भरून घेतल्यावर. मग गावविहिरीचीही बाटली भरली. तिची पहिली बाटली फुटली होती, म्हणजे ते पाणी कसं आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. ती मुलगी माझ्या थोरलीच्या वयाची होती. माझ्या दोन बटणांनी, माझ्या एका न वाचलेल्या ओळीने, तिच्या घरातलं पाणी दुसऱ्या गावाच्या नावावर गेलं असेल, तर? बाई रोज सकाळी ऑफिसात यायच्या आधी दवाखान्यात जाऊन यायच्या. "आज उठून बसली," असं तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, तेव्हा मी कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन रडले.

गुरुवारी निकाल आला. सायखेडीची वस्तीची विहीर स्वच्छ. बोरमळीची गावविहीर स्वच्छ. बोरमळीची वस्तीची विहीर पिण्यास अयोग्य. बाईंनी साहेबांची सही घेतली आणि पत्रं पोस्टात न टाकता पिशवीत घातली. पुढच्या सोमवारी त्या रिटायर होणार होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा निघालो. सायखेडीत काटे काढले. बायकांनी आम्हाला चहा पाजला, त्याच विहिरीच्या पाण्याचा. तिथे सोपं होतं.

बोरमळीत पारूबाईची नात घरी आली होती, भिंतीला टेकून बसली होती, डोळे मोठे झालेले. बाईंनी वस्तीतल्या सगळ्यांना बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, "चूक आमनी शे. तुमनी विहीरनं पानी खराब व्हतं, आनि आम्ही ते दुसरा गावना नावे लिखी टाकं." त्यांनी 'आमनी' म्हटलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी खाली मान घालून उभी होते.

कोणी ओरडेल असं वाटलं होतं. पारूबाईने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "चूक व्हयनी म्हनीसन सांगाले आजलोंग कोनी उनं नही." आणि जरा थांबून, "आते आमनं नाव शे ना कागदवर?"

बाईंनी कागद उघडून तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचला. गाव बोरमळी, वस्तीची विहीर, तारीख, निकाल. विहीर साफ होऊन पुन्हा तपासेपर्यंत वस्तीने गावविहिरीचं पाणी घ्यावं. शेवटचं वाक्य ऐकल्यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पाणी गावविहिरीवर आहे हे त्यांना कागदाशिवायही माहीत होतं.

परतीच्या गाडीची वेळ झाली होती, पुढची संध्याकाळी होती. माझी मुलं शेजारणीकडे होती. मी पिशवी उचलली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"तू जा," त्या म्हणाल्या. "कागद दिला म्हणजे पाणी मिळालं असं होत नाही. मी थांबते."

त्यांनी पारूबाईच्या हातातला हंडा घेतला, पदर खोचला आणि चालू लागल्या. वस्तीतल्या बायका मागोमाग निघाल्या, आधी दोघी, मग सगळ्या. गाडीचा थांबा गावविहिरीसमोरच होता. मी गाडीत चढून मागच्या खिडकीशी बसले आणि काच वर केली. विहिरीवर गावातल्या सात-आठ बायका होत्या. त्या थांबल्या, बोलणं थांबलं. बाईंनी हंडा कठड्यावर ठेवला आणि दोरीला हात घातला. दुसऱ्या हातात तो कागद तसाच होता. त्यांनी तो उघडून दाखवला नाही. गाडी सुरू झाली तेव्हा रहाट फिरायला लागला होता आणि कोणी त्यांना अडवलं नव्हतं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते तेवढंच. सोमवारी मला ताप होता, निरोपाला जाता आलं नाही, आणि मंगळवारी त्या वरणगावला गेल्या होत्या.